पेटंटच्या लायकीचं फूल

कारखान्यात सगळे त्याला शास्त्रज्ञ म्हणत, आणि त्यात टिंगल असेल अशी शंका त्याला कधी शिवली नाही. प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर तो कामाला होता. रंग बदलताना मशीन आधीच्या रंगाचा गरम लगदा बाहेर ओकतं. बाकीचे तो भंगारात टाकत. हा मात्र जाड हातमोजे चढवून तो पिळायचा, ओढायचा आणि त्याचं फूल करायचा. निदान तो त्याला फूल म्हणायचा.

नात्यातलं एकही लग्न या फुलाच्या आहेरातून सुटलं नव्हतं. लोकही ते मोठ्या मनाने घेत आणि कपाटावर, अगदी मागे, जपून ठेवत.

मग कुणीतरी पेटंट हा शब्द त्याच्या कानावर घातला. झालं. तो घरातही दबक्या आवाजात बोलू लागला.

"पद्धत कुणाला सांगायची नाही," त्याने बायकोला बजावलं.

"मला अजून कुणी विचारलेली नाही," ती म्हणाली.

इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत फुलं घेऊन तो वकीलबाईंकडे गेला.

"टाकाऊ प्लास्टिकच्या शोभेच्या वस्तू बरेच जण करतात," त्या म्हणाल्या. "तुमच्यात नवीन काय?"

"पिळायची पद्धत. ओल्या फडक्याने, उलट्या बाजूने."

"अर्जाआधी कुणाला दाखवली नाही ना? जगजाहीर झालेलं नवं धरत नाहीत."

त्याने खालमानेने सांगून टाकलं. कारखान्याच्या वर्धापनदिनी पाहुण्यांना मशीनभोवती गोळा करून त्याने प्रात्यक्षिक दिलं होतं. व्हिडिओही त्यानेच सगळ्यांना पाठवला होता, काहींना दोनदा.

"बरं, आकाराची नोंदणी करता येईल. तोच आकार पुन्हा पुन्हा काढता येतो?"

"छे," तो छाती फुगवून म्हणाला, "एकासारखं दुसरं होतच नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं, तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणजे आता कुणीही उठून माझी फुलं करणार," घरी येऊन तो हताशपणे म्हणाला.

"करू देत की," बायको म्हणाली.

पण जगाला सवड नव्हती. कुणी नक्कल करेना, आणि त्याला तेच जास्त लागलं. अखेर दुसऱ्या कारखान्यातल्या मेव्हण्याने स्वतः केलेल्या फुलाचा फोटो पाठवला.

"चोर," तो म्हणाला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. मग फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी त्याने फोन लावला.

"फडकं फार ओलं घेतलंस. रविवारी ये, दाखवतो."