हत्ती चालेल, खिळा नको

आमचे मामा मातीच्या भिंती बांधतात. "माझ्या भिंतीच्या डोक्यावर हत्ती उभा करा, हूं की चूं करणार नाही," असं गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतात. पण खिळ्याचं नाव काढलं की त्यांचं डोकंच फिरतं. "ती वरून दाबलेलं सोसते, बाजूनं ओढलेलं नाही!"

त्यामुळे त्यांच्या घरात घड्याळ खुर्चीवर बसतं, आरसा पलंगावर झोपतो आणि आम्ही पाहुणे उभे राहतो.

परवा मामी ओली छत्री घेऊन घरात आली. भिंतीला टेकवावी तर माती भिजणार, टांगावी तर खिळा नाही. तिनं छत्रीची वाकडी मूठ सरळ मामांच्या कानाला अडकवली.

"अगं, कान ओढला जातोय!"

"मग काय, डोक्यावर हत्ती उभा करू?"