रविवारच्या सिनेमातला समुद्र

मुलुंडची माणसं बोरिवलीला जातात ती लग्नाला, नाहीतर बारशाला. मी मात्र जानेवारीतल्या एका साध्या मंगळवारी, काहीही कार्य नसताना, सकाळी सातच्या बसने निघाले. पिशवीत दोन टॉवेल, एक जादा सलवार आणि डब्यात थालीपीठं. मोबाइलमध्ये एक जुना इंग्रजी सिनेमा. बेत एकच होता: ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या मामांचे पाय समुद्रात ओले करायचे.

मामा मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका थिएटरवर डोअरकीपर झाले. तिथे रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. दहावीत नापास होता होता वाचलेली मी, मामांच्या वशिल्याने मागच्या रांगेत फुकट बसायचे. त्यात अधूनमधून एक जात असायची, समुद्रावरच्या पोरापोरींच्या सिनेमांची. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. कुणाला नोकरी नाही, कुणाची परीक्षा नाही, आईबाप तर अख्ख्या सिनेमात फिरकत नाहीत. दिवसभर फळ्यांवर उभं राहून लाटांवरून घसरायचं, पडायचं आणि संध्याकाळी वाळूत नाचायचं. मुलगी पाण्यातून बाहेर आली तरी केस कोरडे. गावगुंडांची टोळी यायची, पण इतकी बावळट की तिची दयाच यावी. आणि मामांना इंग्रजीचं अक्षर येत नसताना ते दाराशी टॉर्च धरून, उभ्याने, सगळा सिनेमा बघायचे. तोच सिनेमा, चार-चार रविवार.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने तसलाच एक शोधून दिला. भांडी घासायची सोडून मी पूर्ण बघितला. काय आवडलं म्हणाल तर सांगता यायचं नाही, पण बघून उठले तेव्हा खांदे हलके झाले होते. मग लक्षात आलं, एवढे समुद्राचे सिनेमे बघणाऱ्या मामांना मी कधी चौपाटीवर पाहिलेलं नाही. फोन करून विचारलं, "मामा, गोराईला येता?" ते म्हणाले, "मंगळवारी ये."

बोरिवलीला मामेबहीण सुलूने दारातच मला धरलं. "पाण्यात नको हं नेऊस यार. पप्पांचे गुडघे गेलेत. आणि ते समुद्राकडे जातच नाहीत गं, आम्ही लहान असताना पण वाळूतच बसून राहायचे."

"बघू," मी म्हटलं. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे काय ते सुलूला माहीत आहे, तिने कपाळाला हात लावला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. हातात कापडी पिशवी, आत गोल जड काहीतरी. मी म्हटलं, असेल कोबी.

रिक्षाने जेट्टीवर आलो. गोराईची खाडी ओलांडायला इथे होडी मिळते, तिच्यात माणसांबरोबर मोटारसायकलीही चढवतात. एका स्कूटरचा आरसा माझ्या कमरेत आणि एका बाईची पालेभाजीची टोपली माझ्या मांडीवर, असा आमचा प्रवास झाला. दोन्ही बाजूंना खारफुटी, पाण्यावर बगळे, ऊन कोवळं. सगळे पाण्याकडे तोंड करून बसले होते. मामा तेवढे पाण्याला पाठ करून.

पलीकडे उतरून परत रिक्षा. गावात घरापुढे वलांड्या (बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडण्या) आणि असा वास, की माझी थालीपीठं डब्यात लाजली असतील. किनाऱ्याच्या तोंडाशी एक कोळीणबाई तवा मांडून बसली होती. ओले बोंबील, रव्यात घोळवून तळलेले, आणि तांदळाची भाकरी. झकास. मी चार खाल्ले, मामांनी सहा. गुडघे गेले असतील, दात शाबूत आहेत.

समुद्र मात्र सिनेमातला नव्हे. चहात दूध कमी पडल्यासारखा रंग. सुटीचा दिवस नसल्याने किनारा मोकळा, दूरवर कॉलेजातली पाचसहा पोरं पाण्यात एकमेकांना ढकलत होती. मी मोबाइल पिशवीत घालून पिशवी कोळीणबाईजवळ ठेवली, चपला काढल्या, सलवार दुमडली. मामा पाण्यापासून वीस पावलांवर थांबले आणि पिशवीतून त्यांनी कोबी काढला. तो नारळ होता.

"ह्यो आदी देवचो," (हा आधी द्यायचा) ते म्हणाले, "मगे काय ता."

आमच्या कोकणात हा रिवाज आहेच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय त्याच्यात कुणी उतरत नाही. पण आता जानेवारी. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "माझो ऱ्हवलेलो आसा." (माझा राहिलेला आहे.)

आणि उभ्या उभ्या, नारळावर नजर ठेवून, त्यांनी मला ते सांगितलं जे माझ्या आईने कधी सांगितलं नव्हतं. धाकटा मामा, बाळू, लहानपणी वारला एवढंच मला ठाऊक होतं. कशाने, ते मी कधी विचारलंच नाही, लाज वाटली मला त्याची. मामा बारा वर्षांचे, बाळू नऊचा. पौर्णिमेला चार दिवस होते, समुद्र खवळलेला, घरात सगळ्यांनी बजावलेलं. दोघे गुपचूप खेळायला गेले. एक लाट आली.

"मी वर इलंय," (मी वर आलो) मामा म्हणाले. "बाळू इलो नाय."

मी त्यांचा हात धरला. मामांनी हात सोडवून घेतला, नमस्कार केला आणि कोरड्या वाळूतूनच नारळ फेकला. पडला पाण्यात. लाट आली आणि नारळ गडगडत आमच्याकडे परत. मामांनी उचलून पुन्हा फेकला. परत आला. तिसऱ्यांदा तर थेट त्यांच्या पायाशी येऊन थांबला. ते खाली वाकले नाहीत.

"घेणा नाय तो," (घेत नाही तो) ते म्हणाले. चेहरा असा झाला की मला बघवेना. "चल घराक."

मागून तव्यापाशी बसलेली कोळीणबाई ओरडली, "भरतीला नारल टाकतान का कुनी? परतच येनार तो. ओहोटीला टाका."

मालवणचा माणूस, आणि भरती-ओहोटी विसरला. इतकी वर्षं उपनगरात राहून वाट लागते ती अशी. पण मामांनी ऐकलं नाही, ते वळले होते. माझं डोकं सटकलं. समुद्राचं नव्हे, कुणाचं तरी चुकलं असेल तर माझं, मीच त्यांना इथवर आणलं होतं. नारळ उचलला, काखेत मारला आणि मी सरळ पाण्यात निघाले, म्हटलं लाटांच्या पलीकडेच ठेवून येते, बघू कसा परत येतो.

कमरेइतक्या पाण्यात एका लाटेने मला उचलून उताणं पाडलं. सत्तावन्न वर्षांची, सत्तर किलोची बाई, चार बोंबील पोटात. नाकातोंडात पाणी, ओढणी तोंडावर, वर कुठे, खाली कुठे काही कळेना. पाय टेकले तेव्हा कळलं की लाटेने मला काठाशी आणून टाकलंय आणि पाणी गुडघ्याच्याही खाली आहे. उठून बसले, खोकले, आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना.

समोर, माझ्यापेक्षा आत, मामा होते. मांडीपर्यंत पाण्यात, इस्त्रीच्या शर्टासकट, "बाळू, बाळू" अशा हाका मारत, दोन्ही हात पुढे करून. मला बघून ते थांबले. मी हसतेय हे त्यांना कळायला वेळ लागला.

"इलंस?" (आलीस?) त्यांनी विचारलं.

"इलंय," मी म्हटलं. "हयच आसंय, मामा." (इथेच आहे.)

मग ते हसायला लागले. हसता हसता रडले, रडता रडता मला हात देऊन उठवायला गेले आणि दोघेही पुन्हा पाण्यात बसलो. पलीकडची पोरं टाळ्या वाजवत होती. आम्ही तसेच अर्धा तास लाटा अंगावर घेत बसलो. नारळ अर्थात परत किनाऱ्यावर. कोळीणबाई म्हणाली, "ठेवा हितं, सांजच्याला ओहोटीला मी देते." मामांनी तो तिच्या हातात दिला, नमस्कार केला. तिने तो तव्याच्या मागे व्यवस्थित ठेवून दिला. माझी एक चप्पल समुद्राने बिनतक्रार घेतली.

परतीच्या होडीत मामा पाण्याकडे तोंड करून बसले. मी मोबाइलवर सिनेमा लावून दिला. एक पोरगा फळीवरून धाडकन पडला, पाण्यात गडप झाला, आणि केस उडवत, दात काढत वर आला.

"रविवारची ड्यूटी तुम्ही मुद्दाम मागून घ्यायचात ना?" मी विचारलं.

"हां."

"ह्याच्यासाठी?"

"दरवेळी वर येता तो," मामा म्हणाले. "एक दिस चुकलो नाय." (एक दिवस चुकला नाही.)

चाळीस वर्षं मी ज्याला टाइमपास म्हणत होते, तो हा. त्या सिनेमांवर आता कुणी हसलं तर मी भांडेन.

सुलू दारातच उभी होती. एका पायात चप्पल असलेल्या माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. वडिलांचा इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला, पँट ओली, खिशातून वाळू गळतेय. "पप्पा, पडलात ना? मी सांगितलं होतं हिला. कुठे लागलं?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. घरी उशिरा आलेला मुलगा घालतो तशी.

"पडलंय नाय गो," ते म्हणाले. "खेळत होतंय."