बग कोणाच्या नावावर?

माझ्या थोरल्या बहिणीला ऑफिसात सगळे 'चाळणी' म्हणायचे. ती टेस्टर. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका, म्हणजे बग, शोधायचं तिचं काम. तिच्या हातून खडा सुटत नाही, म्हणून चाळणी. तिलाही ते नाव आवडायचं.

सहा जणांची टीम एकाच लांब टेबलाभोवती बसायची. कंपनी त्यांना 'एजाइल' म्हणायची. म्हणजे थोडं थोडं काम करायचं, एकमेकांशी बोलायचं, चुकलं तर लगेच सुधारायचं. रोज सकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्या बैठक. बग सापडला की ताई चाकाची खुर्ची तशीच सरकवत शेजारच्या प्रोग्रॅमरकडे न्यायची. त्याला सगळे दाढी म्हणत.

"बघ, काय दिवे लावलेस!"

तो कपाळावर हात मारायचा आणि चहा निवायच्या आत बग दुरुस्त व्हायचा.

मग वरून नवं धोरण आलं. प्रत्येक बगाची नोंद करायची, ज्याच्या कामात सापडला त्याचा एक गुण कापायचा. टेस्टरला आठवड्याला दहा बग सापडलेच पाहिजेत, नाहीतर तिचेही गुण कापायचे. वर्षअखेरीस सगळ्यांत कमी गुणांचा माणूस टीमबाहेर. मॅनेजरांनी सकाळच्या बैठकीतच गुणांचा तक्ता पडद्यावर लावला आणि वर म्हणाले, "आपण एजाइल आहोत, बरं का. बदलाला घाबरायचं नाही."

"बदल कसला? भांडणं लावायचे धंदे आहेत हे," ताई घरी भांडी आदळत म्हणाली.

दोन आठवड्यांत टेबल मुकं झालं. कुठे अडलंय असं विचारलं की सगळे म्हणायचे, "कुठेच नाही."

दाढीने तिला जिन्यात गाठलं. "अगं, तोंडी सांग ना. लिहू नकोस. माझे आठ गुण गेलेत."

महिनाभर तिने तोंडीच सांगितलं. तिचे गुण तळाला गेले. मॅनेजरांनी बोलावून विचारलं, "मॅडम, तुमचं कामात लक्ष नाही का?" तेव्हापासून ती लिहायला लागली. दाढीने बोलणं टाकलं. काम तपासायला द्यायचा तेही अगदी शेवटच्या घटकेला, चाळायला वेळच उरू नये म्हणून.

असंच एक काम निसटलं. डायलिसिस केंद्राचं वेळापत्रक होतं ते. एखाद्या रुग्णाने वेळ बदलली की एकच खुर्ची दोघांच्या नावावर पडायची. सोमवारी केंद्रातून फोन आला. ताई दाढीला जवळजवळ ओढतच तिकडे घेऊन गेली.

"तुमच्या पडद्यावर एका खुर्चीत दोन माणसं आहेत," परिचारिका म्हणाली. "मी कुणाला उठवू, सांगा!"

बाकावर एक आजोबा पहाटेपासून बसले होते. पाय सुजून टम्म. त्यांची सून म्हणाली, "तुम्ही लोक तपासता तरी का?"

बाहेर आल्यावर दाढी पुटपुटला, "मला दिसला होता तो बग."

"आणि गप्प बसलास?"

"सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

ते वाक्य सगळ्यांत जास्त झोंबलं, असं ताई अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मॅनेजरांनी विचारलं, "हा बग कोणाच्या नावावर घालायचा?"

"तुमच्या," ताई म्हणाली. "चूक दाढीची आहेच, माझीही आहे. पण एकमेकांपासून लपवायला आम्हाला या तक्त्याने शिकवलं. तिकडे माणूस सुजून बसलाय, आणि इकडे तुम्हाला गुणांची पडलीये?"

"ती म्हणते ते खरंय, सर," दाढी म्हणाला. "माझं नाव घाला, पण आधी तो तक्ता काढा."

"धोरण आहे. माझ्या हातात काही नाही."

"पडदा तर आहे ना हातात?" ताईने भिंतीतला प्लगच उपटला.

तिला लेखी ताकीद मिळाली. 'संघभावना कमी' असा शेराही मिळाला, आणि वर्ष संपायच्या आत दोन मजले वर एकटीचं टेबल. केंद्राचा बग त्या बैठकीच्या दिवशीच दुरुस्त झाला. धोरण मात्र आहे तिथेच आहे. तक्ता आता ईमेलने येतो. दाढी काम संपलं की ते तपासून घ्यायला आधी तिच्याकडे वर जातो, पण पूर्वीसारखं दोघं हसत नाहीत.

"सोड ना ती नोकरी," मी परवा म्हणाले.

ती माझ्यावरच उखडली. "मी का सोडू? ज्यांनी ही कीड आणली, त्यांना जाऊ दे की!"