हॅलोबाईंचा बंद पडणारा कॉम्प्युटर

हॅलोबाईंचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन जमाना लोटला, तरी गल्लीत त्या हॅलोबाईच. "नुसतं हॅलो ऐकून सांगायचे मी, माणूस बसून बोलतोय की उभ्याने," असं त्या कुणालाही ऐकवत, कुणी विचारलेलं नसताना. रूपाचा किंवा स्वयंपाकाचा तोरा त्यांना कधी मिरवता आला नाही. कानांचा मात्र मिरवला, आणि भरपूर मिरवला.

नवरा गेला. मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, तिथेच लग्न करून राहिला. मागे राहिला त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर, टेबलाखालच्या कप्प्यात बसवलेलं निळ्या-जांभळ्या दिव्यांचं धूड. हॅलोबाई त्यावर नुसतं फडकं मारायच्या. मग एकदा सुट्टीत आला असताना मुलाने त्यांना ट्रकचा खेळ शिकवला. तेव्हापासून रविवारी दुपारी तो तिकडून एक ट्रक काढायचा, या इकडून दुसरा. कानाला हेडफोन लावून मायलेकरं एकाच रस्त्याने माल पोचवायला निघायची.

हसू नये. फोनवर या दोघांचं कधी जमलंच नाही. "जेवलीस?" "जेवले. तू?" "हो." संपलं. ट्रक चालवताना मात्र पोराची जीभ सुटायची. समोर रस्ता असला आणि कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसलं की पुरुषमाणसं बोलतात. ऑफिसातलं, घरातलं, लहानपणीचं काहीबाही. सबंध आठवड्यात हॅलोबाईंच्या घरात माणसाचा आवाज यायचा तो एवढाच. शेजारच्या नवराबायकोचं भांडण भिंतीतून यायचं, तेही हल्ली मिटलेलं दिसत होतं.

आणि हा कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. कधी निघाल्यावर थोड्याच वेळात, कधी निम्म्या वाटेवर. ना सूचना, ना कुरकुर. फट्‌कन काळोख, आणि पोराचं वाक्य अर्धं तुटलेलं.

"आई, राहू दे आता," एकदा तो फोनवर म्हणाला. "जुना झालाय तो. आपण फोनच करत जाऊ."

फोन म्हणजे परत जेवलीस-जेवले.

त्यांनी कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाला त्यांच्या मुलाच्याच वयाचा, हाताने तरबेज, तोंडाने त्याहून. त्याने धूळ काढली, पंखे पुसले, आतला पॉवर सप्लाय बदलून पाहिला, दिवसभर त्यावर गेम लावून ठेवला. मशीन ढिम्म बंद पडेना.

"काकू, याला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

"मग घरी काय नाटक करतो?"

"सासरी एक, माहेरी एक. असतात अशी."

त्याने घरी येऊन प्लग पाहिले, वायर पाहिली. सगळं जागच्या जागी. शेवटी हॅलोबाईच म्हणाल्या, "तू रविवारी ये. मी खेळते, तू बघ." त्याचंही डोकं त्या मशीनने खाल्लं होतंच. तो आला आणि त्यांच्या मागे स्टूल टाकून बसला.

ट्रक निघाले. मुलगा बोलू लागला. हॅलोबाई मान हलवत होत्या, मधूनमधून "हं", "छान", "बरं झालं". गावाबाहेर चढ लागला, तसा कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला. आणि दुरुस्तीवाल्याने पाहिलं, हॅलोबाईंनी नजर पडद्यावरच ठेवून पायाच्या अंगठ्याने टेबलाच्या कप्प्याचं दार हळूच लोटून घेतलं. पार बंद.

थोड्या वेळाने त्याने दाराला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. पुढच्या वळणावर पडदा काळा झाला.

"गेला मेला!" हॅलोबाईंनी हेडफोन काढून आदळला.

"काकू, दार का लावलंत?"

"कुठलं दार? अच्छा, ते. आवाज किती करतो तो!"

"अहो, तो आवाज म्हणजे त्याचा श्वास आहे. आत गरम हवा कोंडली की स्वतःला वाचवायला तो बंदच होतो. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, याचे डोळेच मिटतात." तो हसला. मग सहज त्याने तो हेडफोन आपल्या मोबाइलला जोडला, गाणं लावून कानाशी धरला, हेडफोनवरचं आवाजाचं बटण होतं तिथेच ठेवून, आणि जागच्या जागी दचकला. आवाज टोकाला लावलेला होता.

तो त्यांच्या पाठीमागे उभा होता. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काकू, कान तपासून घेतलेत का?"

हॅलोबाई वायर गुंडाळत राहिल्या. मान वळली नाही.

तो पुढे आला आणि समोर उभा राहून पुन्हा तेच म्हणाला. हॅलोबाई लालबुंद झाल्या. "माझे कान? अख्खा जन्म गेला माझा एक्स्चेंजमध्ये!"

"मशीनचं मी सांगितलं, काकू. दार लावू नका. बाकीचं तुम्ही जाणा." तो हत्यारं पिशवीत भरून निघून गेला.

पुढच्या रविवारी कप्प्याचं दार उघडं होतं. चढ लागला. पंखा गिरणीसारखा सुरू झाला आणि पोराचा आवाज त्यात पिठासारखा उडून गेला. हॅलोबाई अंदाजाने "हं" म्हणाल्या. मग "छान" म्हणाल्या.

"आई!" तो ओरडला, ते मात्र ऐकू आलं. "ऐकतेयस का?"

"हं."

"मग काय म्हणालो मी?"

हॅलोबाईंचा पाय दाराशी गेला. लोटलं तर थोडंफार कळलं असतं, आणि मग नेहमीसारखं अर्ध्यावर तुटलं असतं. त्यांनी पाय मागे घेतला.

"मला ऐकू येत नाही रे," त्या पंख्याहून मोठ्याने म्हणाल्या. "बरेच दिवस झाले."

"अगं, मग हं-हं कशाला करत होतीस?"

"तू बोलत होतास ना."

मग तो परत ओरडला. असं काही ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. "मागच्या महिन्यात सांगितलं होतं तुला! ती घर सोडून गेली म्हणून! तू 'बरं झालं' म्हणालीस!"

ट्रक हॅलोबाईंच्या हातून कठड्याला घासला.

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"मला वाटलं, तुला ती आवडत नव्हती!"

"नव्हतीच आवडत! म्हणून काय मी असं म्हणेन?"

पुढचा ट्रक हळू होत होत रस्त्याच्या कडेला थांबला. हॅलोबाईंनी आपला त्याच्या मागे लावला. पडद्यावर त्याचे लाल दिवे आणि रिकामा रस्ता. हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पोरगा गप्प झालाय की हळू आवाजात बोलतोय, हे त्यांना समजेना. एके काळी नुसत्या श्वासावरून सांगितलं असतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "बोलत असशील तर मोठ्याने बोल. आणि गप्प असशील तर राहा गप्प. मी आहे."

उत्तर आलं की नाही, ते पंख्याने कळू दिलं नाही.