वेलांटीआत्यांचं कार्ड

पडदा वर जातो तेव्हा समोर जेवणाचं टेबल. त्यावर कोरी कार्डं आणि एक लाल पेन्सिल. डावीकडे दार, दाराला वरची कडी. टेबलाशी पुतण्या, पुतणसून आणि शेजारधर्म म्हणून मी. मधल्या खुर्चीत, पायात चपला घालून तयार, वेलांटीआत्या.

चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. आमच्या नाटकांच्या जाहिरातीही त्यांच्याच हाताखालून जायच्या. एकदा माझ्या नावाआधी 'तरुण नायक' असं आलं, तर त्यांनी 'तरुण'खाली लाल रेघ ओढून कडेला लिहिलं, 'खात्री करावी'. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. शब्द गाळावा लागला.

गेल्या आठवड्यात आत्या फिरायला म्हणून निघाल्या आणि थेट जुन्या छापखान्यात पोचल्या. तिथे आता चपलांचं दुकान आहे. चार तास बसून त्यांनी सगळ्या खोक्यांवरचं शुद्धलेखन सुधारलं. दुकानदार खूश, इकडे पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. तेव्हापासून ती वरची कडी. आज तह ठरला होता: गळ्यात कार्ड घातलं, तरच एकटीने बाहेर.

पुतण्याने एका कार्डावर लिहिलेला मसुदा वाचून पुढे सरकवला. 'यांना स्मृतीभ्रंश आहे. सापडल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.'

"विसराळू लिहा हो, बरं दिसतं," पुतणसून म्हणाली.

"विसराळू तर मीही आहे," पुतण्या म्हणाला. "मला कोणी घरी आणून सोडतं का?"

मी मदतीला धावलो. "म्हातारचळ?"

"तुम्ही गप्प बसा!" आत्या कडाडल्या. "तो या वयात मिशा रंगवणाऱ्यांना लागतो."

मी मिशीवर हात ठेवला.

आत्यांनी कार्ड ओढून घेतलं. "'ति' ऱ्हस्व. आणि सापडल्यास? मी काय छत्री आहे? माणूस भेटतो. 'भेटल्यास' कर." मग पेन्सिल मागे फिरली आणि स्मृतिभ्रंश अख्खाच खोडला गेला. "भ्रंश म्हणजे पार गेलेलं. माझं येऊन-जाऊन असतं."

"मग काय लिहू, आत्या?"

पेन्सिल हवेतच थांबली. ओठ हलले, शब्द येईना. संवाद विसरलेले नट मी खूप सांभाळलेत. पण विंगेतून पुरवायला या वेळी माझ्याकडेही काही नव्हतं.

पुतण्या उठला आणि त्याने कडी काढली. आत्यांनी खोडाखोडीचं तेच कार्ड गळ्यात अडकवलं, पदर सारखा केला आणि उंबरठ्यावरून वळून म्हणाल्या,

"नव्या कार्डात तेवढी जागा कोरी सोड. वाटेत शब्द आठवला तर येऊन सांगते."