भिंतीवरची गोधडी

दिगूकाकांच्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि शिंकाही. काका दारातच उभे राहून विचारायचे, "सर्दी-जुकाम तर नाही ना, बेटा? असेल तर इथेच निपटून घे."

नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी सामानाच्या धुळीने नाक चोंदलेलं होतं. किल्ली घ्यायला खाली गेले आणि दिवाणखान्यात पाऊल टाकताच सणसणीत शिंकले. त्यासरशी हा उंच, टकला, साठी ओलांडलेला माणूस भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. मला वाटलं, भिंत पडतेय.

"घाबरू नकोस गं," शालिनीकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मागे गोधडी आहे."

ती गोधडी काकांच्या पणजीने शिवलेली. आईच्या माघारी पेटीतून निघाली तेव्हा कसरीने खाल्लेली होती. काकू ती कूलरखाली अंथरणार होत्या. काकांनी उचलायला हात घातला आणि गोधडीचे तुकडे हातात आले. पोलोग्राउंडच्या कारखान्यात जन्मभर फोरमनकी केलेला माणूस. मोडलेली वस्तू टाकून देणं त्यांना जमत नसे. त्यांनी एकेक तुकडा धुवट सुती कापडावर अलगद टाचला, चौकटी स्वतः कापल्या, काच कापडाला टेकू नये म्हणून कडेला पट्ट्या बसवल्या आणि दिवाणखान्याची अख्खी भिंत भरून टाकली.

तेव्हापासून त्या खोलीत ऊन, धूर आणि पंखा, तिन्ही बंद. ऐन मे महिन्यात पडदे ओढून घामाघूम बसायचं. उदबत्ती गॅलरीत लावायची. हिंगाची फोडणी द्यायची तर मधलं दार लावून. "रंग उडतो, मॅडम," काका बायकोला म्हणायचे. "माझाही उडून राहिलाय, त्याचं काय?" काकूंचं उत्तर ठरलेलं. "सासूबाई होत्या तेव्हा त्यांना कधी विचारलं नाही, ऊन लागतंय का म्हणून!"

प्रत्येक चौकटीखाली काकांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती. मधल्या मोठ्या निळ्या तुकड्याखाली लिहिलं होतं, 'पणजोबांचा फौजी कोट. गोळीची खूण पाहावी.' खरोखरच तिथे एक काळपट भोक होतं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं काका सांगायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गोळी खांद्याला चाटून गेली होती. दिवाळीपर्यंत ती छातीत पोचली.

"कोणती लढाई, काका?"

"अगं, त्या काळी लढाया होतच होत्या ना! तू बारीक-बारीक नको विचारू. फील घे."

शेजारी तांबड्या मलमलीचा तुकडा होता, 'दरबारी पागोटे'. त्याला ते रोज आंघोळ झाल्यावर हात जोडत.

त्यांच्या मुलीचं, नेहाचं, देवासच्या जाधवांच्या मुलाशी जमलं. जमवलं दोघांनीच, मोठ्यांनी आता एकमेकांना पसंत करायचं राहिलं होतं. जाधवांचे पूर्वज सरदार होते, असं नेहा चुकून बोलून गेली आणि काकांनी आठवडाभर काचा पुसल्या. जाधव मंडळी घरी यायच्या दिवशी मला मदतीला बोलावलं होतं. जवळच्या हातोद गावाहून काकांची आत्या, गंगूआत्या, आली होती. वय नव्वदीच्या घरात, दात मोजके, कान शाबूत. तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि सगळे विसरून गेले.

चहा-पोहे झाले. काका उठले. "जाधवजी, जरा इकडे या. हा आमच्या पणजोबांचा कोट. गोळी इथून आत, आणि..."

"कसला कोट?" कोपऱ्यातून आवाज आला.

"आत्या, तू बस."

"बसलेलीच आहे. अरे दिगू, ती झूल आहे. घोड्याची. माझे आजोबा तबेल्यात होते, दाणा-पाणी बघायचे. जुनी झूल मिळाली, ती आजीने गोधडीला लावली. मी लहानपणी झोपलेय ना त्या गोधडीत. धुतली तरी घोड्याचा वास यायचा."

काकांचं बोट भोकावरच राहिलं. "आणि ही गोळी?"

"गोळी कुठली! चिलीम. ओढता ओढता डुलकी लागली त्यांना. तबेला जळता जळता राहिला. आजी मरेपर्यंत बोलून दाखवायची." मग आत्याने मान वळवली, डोळे बारीक केले. "आणि ते तांबडं का लावलंय? तो तर तुझ्या बापाचा लंगोट आहे. बारशाच्या वेळी शिवलेला. पुढे ठिगळाला घेतला."

नेहा रडकुंडीला आली. जाधवसाहेब गंभीरपणे लंगोटाकडे पाहत होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नींना हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला, तरी आवरेना. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता आपल्या तलवारीचंही सांगून टाका." जाधवसाहेब खाकरले. "मतलब, तलवार आहे घरी. माझ्या लग्नात किरायाने आणली होती. परत द्यायची राहून गेली." मग काकू हसल्या, नेहा हसली, आत्या सर्वांत मोठ्याने हसली. लग्न ठरलं. काका मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंत मोकळी होती. काका आत्याला पोचवायला हातोदला गेले आणि तिथेच राहिले. काकूंनी पडदे उघडले, पंखा लावला, पण खाली बसल्या की त्यांची नजर त्या उघड्या खिळ्यांवर जायची. "ओरडायला कोणी नाही गं," त्या म्हणाल्या. "फोडणी द्यायलाही मजा नाही."

आठवड्याने काका परतले. चौकटी पुन्हा चढल्या, पण चिठ्ठ्या नव्या होत्या. 'घोड्याची झूल. चिलमीची खूण पाहावी.' 'बाबांचा लंगोट.' एका विटक्या तुकड्याला आधी नावच नव्हतं. तिथे आता लिहिलं होतं, 'गंगूआत्याचा परकर. चिंचेवरून पडली तेव्हा फाटला.'

"वाईट वाटलं का हो, काका?" मी विचारलं.

"वाटलं ना. रात्रंदिवस वाटलं," ते म्हणाले. "मग आत्या पणजोबांचं सांगू लागली. गळून जायचे, ताप यायचा, तरी घोड्यांना दाणा घातल्याशिवाय जेवायचे नाहीत. बेटा, तो कोटवाला मीच बनवला होता. हा माणूस खरंच होऊन गेला." मग तांबड्या तुकड्याकडे बघून म्हणाले, "पण लंगोटाला आता हात जोडू की नको, समजत नाही." ते जोडतच राहिले. बाबा तर होतेच ना, असं त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे गल्लीतली माणसं आता आपणहून यायची. चिलमीचं भोक बघायला पाहुणे आणायची. आत्या पुढच्या थंडीत गेली. तिच्या लुगड्यांतून काका-काकूंनी नेहासाठी नवी गोधडी शिवायला घेतली. काकू धावदोरा घालायच्या, काका फूटपट्टीने टाके मोजून नापास करायचे.

मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी काका वर आले, दाराशीच घुटमळले. "एखादा जुना कपडा देशील? नेहाच्या गोधडीत एक चौकोन रिकामा आहे. ही भिंतीवर नाही लावायची. पांघरायची आहे."

मी पांढरा कुर्ता काढून दिला. त्याच्या पुढच्या बाजूला हिरवट डाग होता. काकांनी तो उजेडात धरला. "ही कचोरीची चटणी. नेहाच्या साखरपुड्याच्या दिवशी माझ्याच हातून सांडली होती ना?"

"हो. कितीदा धुतला, जात नाही."

त्यांनी कुर्त्याची नीट घडी घातली, काखेत धरला आणि खाली निघाले. जिन्यातूनच त्यांचा आवाज आला, "शालिनी, मिळाला! पण धुवू नकोस हं. डाग मधोमध घे."