पोटाचा पट्टा

सुरतेत आमच्या भेस्तानच्या सोसायटीत साड्यांना लेस लावणारी एक खान्देशी बाई होती. कोणतंही कापड हाती आलं की ती आधी चिमटीत धरून सोडायची. बोलता बोलता तीच चिमटी स्वतःच्या पोटालाही घ्यायची. बाळंतपणं झाली, मग वजन उतरलं आणि पोटाची कातडी ओघळून राहिली. तिच्या घडीखाली घामोळं चिघळे, मशीनवर वाकून बसवत नसे.

"सुती कापड धुतल्यावर आटतं, तशी कातडीही आटेल," असं म्हणत तिने वर्षभर क्रीम चोळलं, मालिश केली, पट्टा आवळला. घामोळं तेवढं वाढलं. शेवटी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "एवढी ढिली कातडी आटत नाही. कापून शिवावी लागेल आणि आडवा व्रण कायम राहील."

तिने पदर सारखा केला. "शिवण सरळ घाला म्हणजे झालं."

शेजारीण जिन्यातच म्हणाली, "या वयात कोणाला दाखवायचंय गं?"

"माले दिसस ना रोज!" ही म्हणाली.

मला मात्र ऑपरेशनची धास्ती होती. ती धास्ती फुकट ठरली, ऑपरेशन नीट पार पडलं. संक्रांतीपर्यंत बाई मशीनवर दिवसभर वाकून बसू लागली. हळदीकुंकवाला आली ती साड्यांचा गठ्ठा घेऊनच. शेजारीण गठ्ठ्याकडे बघतच राहिली.

"अगं, गठ्ठा बांधलायस तो तर तुझा पोटाचा पट्टा!"

"हां बेन, आत्ता कुठे कामाला लागला," असं म्हणून तिने गठ्ठा कमरेवर घेतला आणि ताठ जिना चढून गेली.